पहिल्या फेऱ्याआधीचे तेल

१/२४
पूर्ण खोलून, धुऊन, नवी बेअरिंगे बसवून पुन्हा बांधलेले इंजिन प्रथमच सुरू करण्याआधी जाणता मिस्त्री एक काम करतो. इंधन किंवा ठिणगी न देता तो इंजिनाच्या अंतर्भागात तेल फिरवून घेतो. पाहणाऱ्याला हा निव्वळ उशीर वाटतो. प्रत्यक्षात इंजिनाचे पुढचे सारे आयुष्य त्या काही मिनिटांवर अवलंबून असते. असे का, हे शास्त्राला नेमके उमगायला १८८० चे दशक उजाडावे लागले. कारागिरांच्या हातांना मात्र ते फार आधीपासून ठाऊक होते. हा धागा त्या दोन ज्ञानांच्या भेटीचा आहे.

२/२४
आरंभ इजिप्तपासून करावा लागतो. देर अल-बर्शा येथे जेहुतिहोतेप या प्रांताधिपतीची कबर आहे. काळ सुमारे इ.स.पू. १९००. तिच्या भिंतीवरील चित्रात १७२ माणसे एक महाकाय पुतळा घसरगाडीवरून ओढत आहेत. घसरगाडीच्या पुढच्या टोकाशी उभा असलेला एक माणूस वाळूवर द्रव ओतत आहे. हा केवळ धार्मिक विधी असावा, असे दीर्घकाळ मानले गेले. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील प्रयोगांनी दाखवले, की योग्य प्रमाणात ओलावलेल्या वाळूवर घसरगाडी ओढायला जवळजवळ निम्मे बळ पुरते.

३/२४
त्या चित्रातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. द्रव ओतला जातो तो घसरगाडीच्या पुढे, म्हणजे गती तिथे पोहोचण्याच्या आधी. महाराष्ट्रातील गाडीवानही हेच करी. लांबच्या वाटेला निघण्याआधी तो चाक ओढून काढी आणि आसाला वंगण चोपडी. कोरड्या आसाची कुरकुर ऐकू आली, तर वाटेत थांबून पुन्हा लावी. आज शुद्ध तांत्रिक अर्थाने वापरला जाणारा ‘वंगण’ हा शब्द मराठीत गाडीच्या चाकाशी जोडलेलाच आहे. वंगण आधी, चाल नंतर, हा क्रम शास्त्राने शिकवलेला नव्हे. तो अनुभवातून आलेला आहे.

४/२४
वाफेच्या युगात हा अनुभव एक स्वतंत्र काम बनला. रेल्वे इंजिन शेडबाहेर काढण्याआधी लांब चोचीची तेलाची झारी घेऊन एक माणूस त्याच्याभोवती फिरे आणि एकेका सांध्यात तेल सोडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी ओढणारी इंजिनेही याच तंत्राच्या युगातली. सिलिंडरसाठी प्राण्यांची चरबी आणि सांध्यांसाठी वनस्पती तेले हा त्या काळचा मुख्य साठा होता. खनिज तेलांचा प्रसार व्हायचा होता.

५/२४
हे काम करणाऱ्याला प्रतिष्ठा नव्हती. एलायजा मॅकॉय याचे चरित्र त्याची साक्ष देते. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात आलेल्या दांपत्याचा हा मुलगा. एडिंबरा येथे त्याने यंत्रविद्येचे शिक्षण घेतले. परंतु मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्या कृष्णवर्णीय तरुणाच्या वाट्याला कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचेच काम आले. वाफेच्या सिलिंडरला आपोआप तेल पुरवणाऱ्या साधनाचे पेटंट त्याने १८७२ मध्ये मिळवले. ज्याला झारी धरायला लावली, त्यानेच झारीची सक्ती कमी केली.

६/२४
चालत्या यंत्राला तेल पोहोचवण्याची सोय अशी होत गेली. ‘तेल नेमके काय करते?’ हा प्रश्न मात्र तसाच राहिला. तेल पृष्ठभाग गुळगुळीत करते, असे ढोबळ उत्तर दिले जाई. आल्सासमधील कापडगिरण्यांच्या परिसरात काम करणारा गुस्ताव्ह-अदोल्फ हिर्न याने १८४० च्या दशकात बेअरिंगांच्या घर्षणाची मोजमापे घेतली. नवे बेअरिंग काही काळ सलग फिरवल्यानंतरच घर्षणाचा आकडा स्थिर होतो, हे त्याने टिपले. आज ज्याला इंजिनाचे ‘रनिंग-इन’ म्हणतात, त्याची ही शास्त्रातील आरंभीची नोंद.

७/२४
पुढचे पाऊल ब्रिटनमध्ये पडले आणि त्यामागे रेल्वेचीच निकड होती. गाड्यांचा वेग आणि भार वाढत होता, आसांची बेअरिंगे तापत होती. तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासासाठी समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशॅम्प टॉवर या अभियंत्याकडे सोपवले. त्याने रेल्वेच्या आसासारखा ४ इंच व्यासाचा दंड घेतला, वरून त्यावर पितळी अर्धबेअरिंगाचा भार ठेवला आणि दंडाचा खालचा भाग तेलात बुडता ठेवून तो फिरवला.

८/२४
मग जे घडले, ते एखाद्या कथेत शोभावे असे आहे. वरून तेल सोडण्यासाठी टॉवरने पितळी बेअरिंगात मध्यभागी एक भोक पाडले. यंत्र फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागले. त्याने भोकात बूच मारले. बूच हळूहळू वर सरकत निघून आले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर ढकलली गेली. अखेर त्याने तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगावरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड असताना मापकाचा काटा २०० पौंडांची मर्यादा ओलांडून गेला.

९/२४
याचा अर्थ स्पष्ट होता. तेल दोन धातूंच्या मधे नुसते पसरलेले नव्हते. ते वरचा सारा भार तोलून धरत होते. फिरता दंड पितळेला टेकतच नव्हता, तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता. टॉवरचा पहिला अहवाल १८८३ चा. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय पेत्रोव्ह हाही रेल्वेच्या बेअरिंगांचा अभ्यास करून, घर्षण धातूपेक्षा तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे त्याच्या चिकट घट्टपणावर, अवलंबून असते, या निष्कर्षाला आला.

१०/२४
तेलात हा दाब येतो कुठून, याचे गणित मँचेस्टरचे प्राध्यापक ऑसबॉर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. दंड बेअरिंगात अगदी मध्यभागी नसतो, किंचित एका बाजूला असतो. त्यामुळे मधली फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळती होते. फिरणारा दंड चिकट तेलाला स्वतःबरोबर ओढतो आणि त्या निमुळत्या फटीत दाबून कोंबतो. सुताराची पाचर जशी ओंडका उचलते, तशी तेलाची ही पाचर दंडाला उचलून धरते. आजही बेअरिंगांची रचना ‘रेनॉल्ड्स समीकरणा’वरच उभी आहे.

११/२४
या सिद्धांताच्या पोटातच आपल्या विषयाचे मर्म आहे. पाचर गतीतून निर्माण होते. गती नसेल, तर पाचर नाही. यंत्र थांबले, की दंड आपल्या वजनाने खाली बसतो, मधले तेल बाजूला सरते आणि धातू धातूला टेकतो. म्हणजे पूर्ण वेगाने धडधडणाऱ्या इंजिनाची बेअरिंगे जितकी सुरक्षित, तितकी निश्चल इंजिनाची पहिल्या फेऱ्याच्या क्षणी नसतात. झीज फार चालल्याने होते, ही सर्वसाधारण समजूत. रेनॉल्ड्सचे गणित बोट दाखवते ते सुरुवातीकडे.

१२/२४
हे आलेखात उतरवण्याचे श्रेय जर्मनीतील रिचर्ड स्ट्रिबेक यांना जाते. १९०२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापांतून एक वक्ररेषा पुढे आली. आरंभी, वेग नगण्य असताना, घर्षण भरपूर. वेग वाढू लागताच ते झपाट्याने घसरते. तळ गाठल्यावर तेलाच्या अंतर्गत ओढीमुळे पुन्हा हळूहळू चढते. प्रत्येक वेळी सुरू होताना प्रत्येक इंजिन या रेषेचा पहिला, उंच कडा उतरूनच सुरक्षित प्रदेशात येते. तो कडा किती लवकर आणि किती कमी इजा होऊन उतरता येईल, एवढाच प्रश्न उरतो.

१३/२४
त्या अल्प काळात धातूला वाचवते कोण? याचे उत्तर विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी १९२२ मध्ये दिले. पाचर नसतानाही तेलातील काही रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि अतिसूक्ष्म कवच तयार करतात. त्यांनी या अवस्थेला ‘सीमावर्ती वंगण’ अशा अर्थाचे नाव दिले. वनस्पती तेलांत हा चिकटण्याचा गुण मुळातच अधिक. एरंडेलाची ख्याती त्यावरच उभी होती. १९०९ मध्ये बाजारात आलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ या तेलाचे नावही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून पडले आहे.

१४/२४
दुसरा रक्षक बेअरिंगाचा धातूच होता. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये ज्या बेअरिंगरचनेचे पेटंट घेतले, तिच्यात कथलावर आधारलेल्या मऊ मिश्रधातूचे अस्तर होते. पोलादी दंड या अस्तरावर क्षणभर कोरडा घासला, तरी दंड वाचतो. अस्तर झिजते किंवा वितळते आणि ते पुन्हा ओतता येते. महागड्या दंडासाठी स्वस्त अस्तराने मरावे, अशी ही योजना. सुरुवातीचा धोका टळणार नाही, हे गृहीत धरूनच ती आखलेली होती.

१५/२४
यंत्रांचा वेग वाढला, तशी थेंबाथेंबाने तेल देण्याची पद्धत अपुरी पडू लागली. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम कंपनीतील आल्बर्ट चार्ल्स पेन याने १८९० मध्ये पंपाच्या दाबाने बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मोटारींनी ही पद्धत सावकाश स्वीकारली. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये तेलाचा पंपच नव्हता. फिरते चाक तेल उडवी, त्यातले थोडे नळीवाटे पुढे जाई आणि बाकी काम शिंतोड्यांवर भागे. पुढे मात्र पंप सर्वमान्य झाला.

१६/२४
पंपाबरोबर एक नवा पेच आला. पंप चालतो इंजिनाच्याच फिरण्यावर. इंजिन फिरल्याशिवाय तेल चढत नाही आणि तेल चढल्याशिवाय इंजिन फिरणे धोक्याचे. रोजच्या वापरातल्या इंजिनाला हा पेच फारसा जाणवत नाही, कारण आदल्या दिवशीचे तेल वाटांमध्ये आणि पृष्ठभागांवर उरलेले असते. नव्याने बांधलेल्या इंजिनात मात्र सर्व वाटा रिकाम्या, पंप कोरडा, फिल्टर रिकामा. धातूच्या नव्या पृष्ठभागांवरची सूक्ष्म शिखरे अजून घासून बसलेली नसतात. बेअरिंगातली फट तर सामान्यतः मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच.

१७/२४
म्हणून बांधणीच्या वेळीच प्रत्येक बेअरिंगाला, कॅमला, टॅपेटला घट्ट वंगण चोपडतात आणि सिलिंडरच्या भिंतींना तेलाचा हात देतात. हे चोपडलेले वंगण पहिल्या काही क्षणांची शिदोरी असते. इंजिन बांधून बरेच दिवस पडून राहिले, तर तीही ओघळून जाते. त्यापुढची पायरी म्हणजे बाहेरून दाब देऊन तेल भरणे. ही पायरी मोठ्या प्रमाणावर नियमबद्ध झाली ती विमानांच्या इंजिनांमुळे, आणि त्या इतिहासाचा एक धागा भारतातून जातो.

१८/२४
सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. स्वदेशी विमाने घडवण्याचे ते स्वप्न होते. महायुद्धाने त्याला वेगळे वळण दिले. १९४२ मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या वापरासाठी गेला. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमाने व इंजिने खोलून पुन्हा बांधणारे ते मोठे केंद्र बनले.

१९/२४
अशी इंजिने गंजरोधक तेल भरून, हवाबंद करून साठवली जात. विमानावर बसवल्यावर ती सुरू करण्याची पद्धत पिस्टन विमान-इंजिनांच्या देखभाल-पुस्तिकांत सांगितलेली असे. काही स्पार्क प्लग काढून सिलिंडर मोकळे करायचे, बाहेरच्या टाकीतून दाबाने तेल आत सोडायचे आणि इंजिन फिरवत राहायचे. दूरच्या टोकापर्यंत तेल पोहोचल्याची खूण दिसेपर्यंत थांबायचे नाही. कारणही पुस्तिकांत स्पष्ट असे: बेअरिंगे कोरडी असतील, तर पंपाचे तेल पोहोचण्याआधीच ती नष्ट होतील. हवेत गेलेल्या विमानाला रस्त्याच्या कडेला थांबण्याची सोय नसते.

२०/२४
याच इंजिनांनी उलटा धडाही दिला. ताऱ्याच्या आकारात सिलिंडर मांडलेल्या रेडियल इंजिनात काही सिलिंडर खालच्या बाजूला लोंबते असतात. विमान उभे असताना तेल झिरपून त्यांत साचते. द्रव दाबला जात नाही. तशा स्थितीत इंजिन जोराने सुरू केले, तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून उड्डाणापूर्वी पंखा हाताने सावकाश फिरवून पाहत. अडथळा जाणवला, तर खालचे प्लग काढून तेल निथळू देत. ज्या तेलाने बेअरिंग वाचते, तेच चुकीच्या जागी इंजिन मोडते.

२१/२४
जमिनीवरच्या इंजिनांत हीच युक्ती निराळ्या रूपात आली. १९५५ पासूनच्या शेवरोले व्ही-८ इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर फिरतो. मेकॅनिकांनी त्याचा लाभ घेतला: डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्या जागी दांडा घालून ड्रिल यंत्राने पंप फिरवायचा. क्रँकशाफ्ट निश्चल, तरी तेलदाबाचा काटा वर चढतो. महाराष्ट्रातील विहिरींवरच्या, हाताने सुरू होणाऱ्या डिझेल इंजिनांना याहून साधा उपाय लाभला. डिकॉम्प्रेशनचा खटका उघडून सिलिंडरमधील दाब मोकळा करायचा आणि काही वेळ नुसते हँडल मारायचे. पंप तेल चढवतो, मग खटका सोडायचा. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कंपन्यांनी ज्या पिढीला इंजिन दिले, तिला हा सराव हातवळणी पडला.

२२/२४
तरीही एक भाग या दाबाच्या कक्षेबाहेर राहतो. जुन्या रचनेच्या इंजिनांत कॅम आणि सपाट टॅपेट यांच्यामधल्या घासणीला पुरेसे तेल मिळते ते मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून. म्हणून नवा कॅम बसवला, की इंजिन सुरू होताच ते मंद न ठेवता मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालवण्याची रीत पडली. १९४० च्या दशकात तेलांत आलेल्या जस्त-फॉस्फरसाच्या संयुगाने इथे मोठी मदत केली. मुळात ते तेल टिकवण्यासाठी आणि बेअरिंगांचे क्षरण रोखण्यासाठी मिसळले जाई. धातूवर रक्षक थर चढवण्याचा त्याचा गुण पुढे ध्यानात आला. परंतु फॉस्फरसामुळे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ लागले आणि १९९० च्या दशकापासून त्याचे प्रमाण घटवण्यात आले. त्यामुळे जुने इंजिन नव्या तेलावर सुरू केले, तर पहिल्याच तासात कॅम झिजण्याचा धोका वाढला. हवा स्वच्छ झाली. जुन्या यंत्रांसाठी वेगळे तेल शोधणे भाग पडले.

२३/२४
मोठ्या इंजिनांनी ही जबाबदारी माणसाच्या स्मरणावर सोडली नाही. जहाजांच्या आणि वीजकेंद्रांच्या डिझेल इंजिनांना पूर्व-वंगणासाठी विजेवर चालणारा स्वतंत्र पंप असतो. तेलाचा ठरावीक दाब आल्याशिवाय अनेक ठिकाणी इंजिन सुरूच होऊ शकत नाही. अमेरिकेतील ईएमडी बनावटीच्या रेल्वे इंजिनांच्या पुस्तिका बजावतात, की नवे, दुरुस्तीनंतर बांधलेले किंवा ४८ तासांहून अधिक काळ बंद राहिलेले इंजिन पूर्व-वंगणाविना सुरू करू नये. १९९९ पासून या घराण्याची इंजिने भारतीय रेल्वेतही आली. बोरीबंदरच्या काळातील झारीवाल्याचे काम आता नियमपुस्तिकेचे कलम बनले आहे.

२४/२४
आज सिग्नलला थांबताच बंद होणारी आणि पुन्हा आपोआप सुरू होणारी मोटार पुण्या-मुंबईत नित्याची झाली आहे. दिवसातून एक-दोनदा उतरायचा स्ट्रिबेकचा कडा तिचे इंजिन कितीतरी वेळा उतरते. म्हणून बेअरिंगांवर पॉलिमरचे खास लेप चढवावे लागले. टॉवरच्या भोकातून उसळलेल्या तेलाने जे सांगितले, ते अजून बदललेले नाही: चालते यंत्र स्वतःचे रक्षण स्वतः करते, थांबलेल्या यंत्राचे रक्षण माणसाला करावे लागते. पूर्व-वंगण नीट झाले, की दाखवण्याजोगे काहीच घडत नाही. इंजिन सुरू होते आणि चालत राहते. त्यामुळे तंत्रज्ञानाच्या इतिहासात पेटंट घेणाऱ्यांची नावे राहिली आणि सुरू करण्याआधी थांबणारे हात बहुतेक अनामिक राहिले. जेहुतिहोतेपच्या भिंतीवर मात्र चित्रकाराने तो ओतणारा माणूस विसरून जाऊ दिलेला नाही. ओढणाऱ्या १७२ जणांच्या सोबतीने, घसरगाडीच्या अगदी पुढे, त्याने त्याला उभे केले आहे.